दाणा

ठशातून प्लास्टर सोडवताना त्याचं लक्ष खरं म्हणजे खिडकीबाहेर होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झटकत होतं आणि काम हातांवर सोपवून तो ते बघत बसला होता. इतक्या वर्षांनी हातांना एवढं तर कळायलाच हवं. रबरी ठसा कडेनं सुटला आणि साचा तळहातावर आला, अजून ऊन. प्लास्टर घट्ट होताना तापतं. ताज्या साच्याला माणसाएवढी ऊब असते आणि थोड्या वेळानं ती निघून जाते. सवयीनं त्यानं पुढच्या दातांवरून अंगठा फिरवला, कुठे बुडबुडा राहिलाय का बघायला, आणि अंगठा अडला. डावीकडे, पुढच्या मोठ्या दाताच्या शेजारी, जिथे दुसरा दात असायला हवा तिथे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी टोकदार होतं. उजवीकडे त्या जागी काहीच नव्हतं; सुळा सरकून थेट मोठ्या दाताला खेटून उभा होता. त्याची जीभ आपसूक स्वतःच्या तोंडात डावीकडे गेली आणि तिथल्या दाण्याला टेकली. आत जिभेला तो, बाहेर अंगठ्याला तो. आपण आपलंच तोंड चाचपतोय की दुसऱ्याचं, हे क्षणभर त्याला सांगता आलं नसतं.

तो कवळ्या करायचा. जिन्यावरून चढून गेलं की दोन खोल्यांचा त्याचा कारखाना, एका खोलीत प्लास्टर आणि धूळ, दुसरीत मेण, दिवा आणि त्याची खुर्ची. शहरातल्या कितीतरी लोकांचे जबडे त्या खोल्यांतून गेले होते, पण ती माणसं कोण हे त्याला कधी कळलं नाही. दवाखान्यातून ठसा यायचा, सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. नाव कळवायचं नाही असा शिरस्ताच होता आणि त्यात काही गैर आहे असं त्यालाही वाटत नव्हतं. आपलं उघडं तोंड परक्या माणसाच्या टेबलावर पडलंय हे कुणाला आवडेल? रस्त्यात एखादा माणूस हसला की मात्र त्याला वाटायचं, हा आपला. आणि मग ओळख न दाखवता पुढे जावं लागायचं. आजच्या चिठ्ठीवर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, की वरचे राहिलेले पाच दात हलताहेत, ते सगळे काढायचे, आणि कवळी त्याच दिवशी बसवायची. अशा कवळीसाठी साच्यावरचे दात त्यानंच आधी करवतीनं कापून टाकायचे असतात. दात माणसाच्या तोंडात शाबूत असतानाच त्याच्या टेबलावर ते गेलेले असतात. शेवटची ओळ नेहमीची होती: नवे दात सरळ लावावेत.

सरळ. त्यानं साचा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. आता हे सांगायला हवं, की या माणसाला एक खोड होती. नातेवाइकांत त्याला सगळे ‘खानेसुमारी’ म्हणत. तो दारात दिसला की घरातलं कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘खानेसुमारी आली, म्हाताऱ्यांना पुढे करा.’ आणि तो खरोखरच म्हाताऱ्यांकडे जायचा, त्यांच्या पायाशी बसून खोदून खोदून विचारायचा, तुमच्या आजीचं माहेरचं आडनाव काय, ती किती भावंडं, वाचली किती. एकदा दुखणं अंगावर आलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला हे होतं का. ठाऊकच नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस आणि आपल्या आजोबांना काय होऊन ते गेले हे सांगता येईना. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो नोंदणी कचेरीत जाऊन कारकुनांपुढे दातांच्या कण्या करायचा. घरी बैठकीच्या भिंतीवर कागदाची मोठी गुंडाळी उलगडून लावली होती आणि तिच्यावर चौकोनच चौकोन. त्याचा एक नियम होता: दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय शाई लावायची नाही, तोवर पेन्सिल. बायको म्हणायची, याला जिवंत माणसांना फोन करायला वेळ नाही आणि मेलेल्यांचे वाढदिवस तोंडपाठ. पण पेन्सिलींना टोक तीच करून ठेवायची.

त्या भिंतीवर एका गोष्टीचा माग त्याला कधीच लागला नव्हता आणि ती त्याला सगळ्यात जिव्हाळ्याची होती. दाणा. घरात त्याला हाच शब्द होता. आजीला होता, म्हणजे वडिलांच्या आईला. ती हसताना तोंडावर पालथा हात धरायची आणि लहानपणी तो हात ओढून काढायचा त्याचा खेळ होता. ‘दाणा बघू, दाणा बघू,’ म्हणत तो तिच्या मांडीवर चढायचा आणि ती ओठ घट्ट मिटून नाकानं हसायची, शेवटी हसू फुटायचंच. वडिलांना होता. त्याला होता. त्याच्या मुलीलाही होता. ती तो फोटोत मुद्दाम दाखवते. आजीच्या मागे मात्र सगळा अंधार. जुन्या फोटोंत कुणी हसतच नाही! पणजोबा, पणजी, त्यांची भावंडं, सगळे ओठ आवळून असे बसलेत की जणू फोटोवाल्यानं तोंडं शिवून टाकली. भिंगातून तो त्यांचे मिटलेले ओठ बघत राहायचा. एवढे जन्म-मृत्यू जमवले, आडनावं जमवली, आणि कोण कसं हसायचं हे एका माणसाचंही ठाऊक नाही, याचं त्याला खरंच वाईट वाटायचं.

आणि वडिलांच्या चौकोनाशेजारी एक रिकामा चौकोन होता, पेन्सिलीचा. कचेरीतल्या जुन्या नोंदीत आजी-आजोबांच्या नावापुढे वडिलांच्या जन्मानंतर तीन वर्षांनी आणखी एक जन्म होता: ‘मुलगी’. एवढंच. बारशाआधी नोंद झाली असणार, नाव भरायला पुन्हा कुणी गेलं नाही. आधी त्याला वाटलं, लहानपणीच गेली असेल. मग आजीच्या एका चुलतबहिणीनं, जिला काय बोलावं आणि काय नाही याचं फारसं भान उरलं नव्हतं, बोलता बोलता म्हटलं की तुझी आत्या मोठी गोड पोर होती. आणि लगेच सुनेकडे बघून गप्प झाली. आत्या! त्या शब्दानं तो संध्याकाळभर हरखून फिरला होता. घरी येऊन वडिलांना विचारलं तर वडिलांची दातखीळ बसली. पंच्याऐंशीच्या घरातला तो माणूस, सकाळी पेपरातल्या मथळ्यापासून जाहिरातीपर्यंत सगळ्यावर बोलणारा, या एका प्रश्नावर रेडिओचा आवाज वाढवायचा. दोनतीनदा असं झाल्यावर त्यानं कानाला खडा लावला. वडील त्याला आवडायचे, साधी गोष्ट होती. त्यांना दुखवून भरायचा चौकोन त्याला नको होता. पण जेवताना कधी कधी तो त्यांच्या तोंडाकडे बघायचा. वडिलांची कवळी त्यानंच केली होती. मनात होतं दाणा ठेवायचा, मेणात तसा लावूनही दाखवला होता. वडिलांनी आरसा बाजूला सारून म्हटलं, ‘आता तरी सरळ कर.’ त्यानं केली सरळ. वडील हसले की आता ओळीनं उभे केलेले सुरेख दात दिसायचे, आणि त्याला दर वेळी वाटायचं, हे कुणाचे?

म्हणून आज साचा हातात घेऊन तो बसून राहिला. त्याला हेही चांगलं ठाऊक होतं की यात पुरावा म्हणावा असं काही नाही. असे दात इतर घराण्यांतही असतात. त्यानंच पाहिले होते, अधूनमधून येतात. पण इतकं सारखं, डावीकडे दाणा आणि उजवीकडे मुळातच नाही, सुळ्याची तीच तिरकी मान, असं एकदाही आलं नव्हतं. आणि आणखी एक होतं. पुढच्या मोठ्या दाताच्या कडेला मधोमध बारीक खाच होती. तुटलेल्या दाताची कड खरखरीत असते. ही गुळगुळीत होती, वर्षानुवर्षं काहीतरी घासून घासून पडलेली. त्यानं दवाखान्यात फोन लावला. विचारलं एवढंच, की दात होते तसेच लावले तर चालेल का. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम नाहीत, चिठ्ठीत आहे तसं करा. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, पेशंटचं वय? ‘आजी आहेत,’ ती म्हणाली, आणि आपण जास्त बोललो असं वाटून तिनं फोन ठेवला. आजी आहेत. हा शब्द घेऊन तो जिन्यावर जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर लोक चालले होते, सगळ्यांची तोंडं मिटलेली. या शहरात, कदाचित दोन रस्ते पलीकडे, एक बाई आपले शेवटचे पाच दात घेऊन बसली असेल, मऊ काहीतरी खात, आणि ती आपली असेल किंवा नसेल. इतकी वर्षं आपण नोंदी उपसतोय, आणि ती दाराशी आली तर अशी, नाव नाही, चेहरा नाही, फक्त टाळू आणि पाच दात. त्याला हसू आलं.

करवत चालवण्याआधी त्यानं साच्याची नक्कल करून घेतली, आणि ती नक्कल रुमालात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून घरी नेली. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. वाटेत पिशवी त्यानं पोटाशी धरली होती, चोरीचा माल असल्यासारखी. वडील खिडकीशी बसले होते, रेडिओ चालू होता. डोळ्यांनी त्यांना आता फार दिसत नसे, वस्तू ते बोटांनी ओळखत, भाजी निवडतानासुद्धा. त्यानं काही प्रस्तावना केली नाही. रेडिओ बंद केला आणि साचा त्यांच्या हातात दिला. वडिलांनी तो उलटसुलट केला, बोटं दातांवरून फिरली, दाण्यावर आली आणि ते खुदकन हसले. ‘माझं तोंड अजून जपून ठेवलंयस होय रे?’ म्हणाले. वडिलांची बोटं पुढे सरकली, मोठ्या दाताच्या कडेवर आली आणि त्या खाचेत थांबली. तर्जनीचं नख त्यांनी तिच्यात बसवून पाहिलं. मग ते हसू हळूहळू गेलं. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली होती, ती दारातच उभी राहिली.

‘हा माझा नाही,’ वडील म्हणाले.

त्यांचा अंगठा त्या दातावर मागे-पुढे होत होता. ‘दोऱ्यानं पडलीय ही,’ ते म्हणाले. ‘कात्री मांडीवर असायची तिच्या. तरी दातांनीच तोडायची. आई ओरडायची, चिमे, दात झिजतील.’

चिमी. भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाला इतक्या वर्षांनी आवाज आला होता आणि तो वडिलांच्या तोंडून आला होता. त्यानं पेन्सिल शोधली नाही. नंतर वडील जे बोलले ते तुटक, पुढचं मागे आणि मागचं पुढे असं होतं. घरात शिवणाचं काम यायचं, शर्टांच्या कॉलरी आणि बटणं. आजी मशीनवर आणि चिमी खिडकीशी, हातशिलाईला. बटण लावून झालं की मान खाली घालून दोरा दातांत धरायची आणि कट् असा बारीक आवाज यायचा. वडील त्या आवाजाशेजारी अभ्यास करून मोठे झाले. मग चिमी गेली. कुणी घालवली नाही, मोठं भांडणही झालं नाही. घरच्यांना पसंत नव्हता अशा माणसाबरोबर ती गेली, आणि सगळ्यांना वाटलं, येईल राग गेला की. राग कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. आजोबांनी तिचं नाव घ्यायचं सोडलं, त्यांच्या धाकानं आजीनं सोडलं, आणि मग आपणही सोडलं, असं वडील म्हणाले. हे बोलताना त्यांनी साचा दोन्ही तळहातांत झाकून धरला होता. त्याला आजीचा तोंडावरचा पालथा हात आठवला. तो हात दाणा झाकायचा असं तो आजवर समजत होता.

‘मला पत्ता ठाऊक होता,’ वडील म्हणाले. ‘सुरुवातीला ठाऊक होता. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. मग ती तिथून हलली, आणि मग मला तोंड नव्हतं.’

त्यानं त्यांना समजावलं, की बाबा, ही तीच असं धरून चालू नका; खाच काय, शिवणकाम करणाऱ्या कितीतरी बायकांना असते, दाणाही असतो कुणाकुणाला. बोलता बोलता त्याचं त्यालाच जाणवलं की तो वडिलांशी कचेरीतल्या कारकुनासारखा बोलतोय. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग साचा परत देत म्हणाले, ‘तिचा दाणा काढू नकोस.’ आता हे म्हणजे अवघडच होतं. चिठ्ठीत सरळ लिहिलं होतं. आणि कोण जाणे, त्या बाईनं जन्मभर त्या दाताचा राग केला असेल, आता सुटले म्हणून खूश असेल. तिचं तोंड म्हणजे काही त्याच्या भिंतीवरचा चौकोन नव्हता, हवं ते भरायला. तिथे गल्लत झाली तर दात काढून घेतलेली म्हातारी नको असलेली कवळी तोंडात घेऊन घरी जाईल. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात या विचारांत इतका गुंतला की मेण दोनदा उतू गेलं.

शेवटी त्यानं दोन कवळ्या केल्या. हे वेडेपण होतं, काम दुप्पट, आणि इतर तोंडं रांगेत ताटकळलेली. पहिली चिठ्ठीबरहुकूम, सरळ. साच्यावरचे दात त्यानं करवतीनं एकेक करून कापले. प्लास्टरच होतं ते, तरी दाण्यापाशी येऊन त्यानं श्वास रोखला, मग कापला. ती कवळी सुंदर झाली आणि तिच्याकडे बघून त्याला काहीच वाटलं नाही. दुसरीसाठी त्यानं एक तयार दात घेतला आणि घासायला सुरुवात केली, थोडा, आणखी थोडा, बोटांच्या चिमटीत धरवेनासा होईपर्यंत. जीभ सारखी स्वतःच्या दाण्याला जाऊन मापं घेत होती. मग उजवीकडचा सुळा मोठ्या दाताला खेटवला, मान तिरकी केली. पुढच्या दाताच्या कडेला खाचही पाडली, अगदी हलकी, आणि ती पाडताना कानांत कट् असा आवाज आला, जो त्यानं आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता. मेणातला तो जबडा दिव्यासमोर धरला तेव्हा वाटलं, आता ही नाकानं हसणार. सोबतच्या चिठ्ठीत त्यानं जपून लिहिलं, की एक कवळी सरळ आहे, दुसरी पेशंटच्या दातांसारखी. दोन्ही दाखवून त्यांना विचारावं, दुसरीचे पैसे नकोत. लिहून झाल्यावर ते त्यानं परत वाचलं. घरातला एकही शब्द त्यात आला नव्हता.

त्यानंतरचे दिवस वडिलांनी रेडिओ लावलाच नाही. ते काही विचारत नसत. तो घरी आला की फक्त त्याच्या चपला काढण्याचा आवाज ऐकत आणि त्यावरून काय ते समजत. बायकोनं जेवणात त्यांच्या आवडीचं करायला सुरुवात केली होती, आजारी माणसाचं करतात तसं. रात्री भिंतीवरचा कागद दिसला की त्याला अपराधी वाटायचं. आपण मेलेल्यांच्या मागे लागलो ते बरं होतं, त्यांना कशाची आशा नसते. या जिवंत म्हाताऱ्याच्या मनात आपण हे काय सोडून दिलं, आणि उद्या ती कुणी परकीच निघाली, किंवा तीच निघाली आणि सरळ दात घालून निघून गेली, तर हा माणूस पुन्हा कुठलाही आवाज वाढवून ते झाकू शकणार नाही.

फोन आला तो दुपारी, त्याच्या हाताला मेण लागलेलं असताना. काउंटरवरची मुलगी होती, आणि ती अडखळत बोलत होती. आम्ही असं कळवत नाही, म्हणाली, पण आजींनीच सांगायला लावलंय. दात काढले त्या दिवशी मॅडमनी त्यांच्यापुढे दोन्ही कवळ्या ठेवल्या होत्या. सरळ कवळीला त्यांनी हात लावला नाही. दुसरी घालून आरशात बघत राहिल्या, डोळे पुसत राहिल्या. मॅडमना वाटलं दुखतंय. तोंडात कापूस होता म्हणून बोलता आलं नाही. आज तपासायला आल्या तेव्हा बोलल्या.

‘त्या म्हणाल्या, दाणा कुणी ठेवला ते विचार,’ मुलगी म्हणाली. ‘मला काही समजलं नाही. तर म्हणाल्या, तुला नाही कळायचं, ज्यानं ठेवलाय त्याला कळेल. त्यांनी त्यांचा नंबर दिलाय. घेता का लिहून?’

त्यानं लिहून घेतला, समोरच्याच साच्यावर, कारण कागद सापडेना. मग दिवा विझवायचं विसरून, परत वर येऊन विझवून, तो घरी निघाला. दार उघडंच होतं. वडील खिडकीशी नव्हते, दारात उभे होते. जिन्यावरच्या पावलांवरून त्यांना कळलं असावं. त्यानं काउंटरवरच्या मुलीचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. ‘दाणा’ हा शब्द आला तेव्हा वडिलांनी भिंतीचा आधार घेतला. ते रडतील असं त्याला वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं, माझा तो निळा शर्ट धुतलेला आहे का, आणि बायको आतून म्हणाली की आहे, इस्त्री करते. मग वडील खुर्चीत बसले, तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. गाल आत गेले, चेहरा एकदम आजीचा झाला.

‘आधी ही नीट कर,’ ते बोळक्या तोंडानं म्हणाले. ‘दाणा बसव हिच्यात. असा सरळ दातांचा गेलो तर ती मला ओळखणार कशी?’

कवळी ओली होती आणि अजून ऊन होती. ती रुमालात गुंडाळून तो कारखान्याची किल्ली शोधायला लागला.